मणभर वजनाचं बाळ

"उद्या मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही म्हणजे नाही!" हौसाबाईंनी चहाचं पातेलं इतक्या जोरात खाली ठेवलं, की निम्मा चहा ओट्यावर सांडला. "शाळेची पंच्याहत्तरी करा, बिशपला हार घाला, लाडू खा. मला बोलवायला कुणी यायचं नाही!"

समोरच्या वेताच्या मोढ्यांवर बसलेली तीन मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सकाळी सकाळी लाडवांचा विषय निघावा आणि तोही इतक्या रागानं, हे काही बरं लक्षण नव्हतं.

"पण आजी, झालं काय?" नीरजानं विचारलं.

"आता काय व्हायचं राहिलंय? त्या मसीहनं काल भर मीटिंगमध्ये मला खोटारडी ठरवलं! लहानपणी ह्याच पदरानं त्याचं नाक पुसलंय मी!"

नीरजा साळवे बारा वर्षांची. दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारी, दोन वेण्यांची, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढणं आईलाही न जमणारी. तिचे सख्खे मामा, जयदीप, हे सराय कमालच्या चर्चचे फादर होते. सराय कमाल म्हणजे दिल्लीहून पानिपतला जाताना हायवेच्या डाव्या हाताला लागणारं छोटंसं गाव. मामांना 'फादर' म्हणायचं की 'मामा', हा प्रश्न घरात कुणालाच सुटला नव्हता. शेवटी नीरजानंच तिसरीत असताना 'फादरमामा' असं नाव पाडून तो सोडवला.

या वर्षी थंडीच्या सुट्टीत तिनं आपल्या वर्गातल्या दोघांना सोबत आणलं होतं. एक नचिकेत. चष्मा, खिशात छोटी वही, आणि दर दोन वाक्यांनंतर "पुरावा काय?" असं विचारायची सवय. दुसरा युवराज. त्याचे वडील फौजेत हवालदार, घर कँटोन्मेंटमध्ये. त्यामुळे युवराज कुठेही निघताना मोहिमेवर निघाल्यासारखाच निघे. गळ्यात शिट्टी आणि खिशात टॉर्च!

"मसीह अंकल असं का म्हणाले?" नचिकेतनं विचारलं.

हौसाबाईंनी उरलेला चहा चार कपांत ओतला. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. शाळेत चाळीस वर्षं आया म्हणून काम करून आता चर्चच्या मागच्या खोलीत त्या एकट्या राहत होत्या. मराठी बोलायला माणूस मिळाला की त्यांचा राग पण जरा निवळायचा.

"बाबा माझा फौजेत होता. लढाईत इथं छावणी होती, तवा आम्हाला घेऊन आला. पुढं बर्मात गेला, तो गेलाच. आई, विठाबाई, नगरच्या मिशन शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. गावी परत जाऊन करायचं काय? मग फाळणी झाली. गावात पंजाबातनं माणसं आली, उघड्यावर पडलेली. त्यांची पोरं दिवसभर उकिरड्यावर खेळायची. आईनं ती गोळा केली आणि चर्चच्या शिसमाच्या झाडाखाली बसवून शिकवायला लागली. अठ्ठेचाळीस साली! ती ही शाळा."

"मग प्रॉब्लेम काय आहे?" युवराज म्हणाला.

"दगडावर नाव कोरतायत ना आज! 'संस्थापक – फादर आन्सेल्म, १९५१.' मी म्हटलं, माझ्या आईचं नाव घाला. फादर देवमाणूस होते, त्यांनी इमारत बांधली. पण शाळा आईनं काढली. तर मसीह म्हणतो, विठा नावाचं बाळ अठ्ठेचाळीस साली जन्माला आलंय, तसं चर्चच्या पुस्तकात लिहिलंय! तान्ह्या बाळानं शाळा काढली का, असं विचारलं आणि सगळे हसले." हौसाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "माझी आई होऊन गेली, हेच खोटं पाडलं त्यांनी. मी गेल्यावर तिचं नाव घेणारं कोण आहे आता?"

नीरजानं कप खाली ठेवला.

"दगड कोरून कधी होणार?"

"आज दुपारी."

"चलो!" नीरजा उठली. "आपल्याला ते पुस्तक बघायचंय!"

पुस्तक बघणं अवघड नव्हतं. मुलांना फादरमामांनी कामच तसलं दिलं होतं. पॅरिशचं, म्हणजे या चर्चच्या सगळ्या मंडळींचं, जुनं सामान पुसून हॉलमध्ये प्रदर्शन मांडायचं. तीन दिवस तिघं धुळीत लोळत होती. घोड्यांच्या तबेल्यात भरलेली पहिली मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, तिचा फोटो. मुलांच्या हजेरीची फाटकी पुस्तकं. बाकावर चाकूनं कोरलेली नावं, त्यातलं एक आता गावच्या डॉक्टरांचं! आणि इटलीहून आलेल्या लांब दाढीच्या फादर आन्सेल्म यांची रोजनिशी. फादर दंगेखोर मुलांना मारत नसत, आपल्या टोमॅटोंना पाणी घालायला लावत. त्यामुळे त्या काळी गावात टोमॅटो फार छान पिकायचे, असं हौसाबाई सांगत.

मसीह अंकल म्हणजे विल्सन मसीह, जुबिली समितीचे सेक्रेटरी. त्यांना जुन्या वस्तूंपेक्षा कॉम्प्युटरवर जास्त विश्वास होता. त्यांनी रोजनिशीतून सगळे बाप्तिस्मे काढून एक सुंदर यादी टाइप केली होती. नाव आणि तारीख, बस्स. यादीत चौसष्टावं नाव होतं : विठा, १५ ऑगस्ट १९४८.

"पुरावा तर आहे, यार," नचिकेत हिरमुसून म्हणाला.

"हा टाइप केलेला पुरावा झाला. मूळ पान काढ!" नीरजा म्हणाली.

रोजनिशी इंग्रजीत होती. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. नचिकेतनं चष्मा पुसून हळूहळू अर्थ लावला.

"'टोमॅटोला कीड. सैतानाचं काम.' हे नाही... हां, सापडलं! 'आज विठाचं नामकरण केलं आणि आशीर्वाद दिला. वडील : कुणी नाही. आई : गावातल्या सगळ्या. वजन : एक मण, दोन शेर.'"

"एक काय?" युवराजनं विचारलं.

"मण. म्हणजे काय ते मला माहीत नाही."

नीरजालाही माहीत नव्हतं. दिल्लीत वाढलेल्या मुलांना मण आणि शेर कुठून भेटणार? तिघंही धावत मागच्या खोलीकडे सुटली.

"आजी! मण म्हणजे किती?"

"चाळीस शेर. म्हणजे तुमचे सदतीस किलो धरा," हौसाबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "का गं? गहू आणायचाय?"

"सदतीस!" युवराज ओरडला. "माझंच वजन चौतीस आहे! हे बाळ माझ्यापेक्षा जाड?"

"अगं बाई! माणसाचं पोर आहे का हत्तीचं?" हौसाबाई म्हणाल्या.

नचिकेतनं वहीत भराभर तीन ओळी लिहिल्या. "वजन एका मणाच्या वर. वडील नाहीत. आई गावातल्या सगळ्या. ऐका, हे बाळच नाहीये! मसीह अंकलनी नाव आणि तारीख टाइप केली, बाकीचं सोडून दिलं!"

"पण चर्चमध्ये बाळाशिवाय नाव ठेवतात तरी कुणाचं?" युवराजनं विचारलं.

"ते फादरमामांनाच माहीत असणार!" असं म्हणून नीरजा धावली खरी, पण चर्चच्या दारात तिला थांबावं लागलं. आत मोठी रांग होती. उद्या जुबिली, म्हणून अख्खं गाव आज आपापली पापं सांगायला आलं होतं! कोपऱ्यात लाकडी खोका. त्याच्या जाळीआड फादरमामा बसलेले. माणूस आत गुडघे टेकतो, पाप सांगतो, माफी घेतो आणि बाहेर येतो. मध्ये बोलायची कुणाला परवानगी नाही. मग करायचं काय? नीरजानं केलं तेच, जे कुठलीही शहाणी मुलगी करेल. ती रांगेत उभी राहिली. पुढच्या काकूंना फारच आठवत होतं बहुतेक, कारण त्यांनी पंधरा मिनिटं घेतली.

शेवटी एकदाचा नंबर लागला. नीरजा गुडघे टेकून जाळीला चिकटली. "फादरमामा!"

"श्शू! इथे मी मामा नाही, फादर आहे. पाप सांग."

"पाप मसीह अंकलनी केलंय!"

"दुसऱ्याची पापं इथे चालत नाहीत. स्वतःचं सांग."

"मी... मी रांगेत खोटं खोटं उभी राहिले. मला तुम्हाला प्रश्न विचारायचाय. चर्चमध्ये बाळाशिवाय कुणाचं नामकरण होतं?"

जाळीपलीकडे फादरमामा विचारात पडले. "घंटेचं होतं. जुनी रीत आहे. नवी घंटा टांगायच्या आधी तिला आशीर्वाद देतात आणि माणसासारखं नाव ठेवतात. का?"

"तुमची घंटा किती वजनाची आहे?"

"असेल पस्तीस-चाळीस..." फादरमामा थबकले. काल हौसाबाईंवर लोक हसले तेव्हा तेही मीटिंगमध्ये होते. "अरे देवा! विठा!"

"विठा म्हणजे घंटा आहे! आणि घंटेला नाव कुणाचं देणार? त्या नावाचं कुणीतरी असणारच! मामा, कुठे आहे घंटा?"

आज पहाटे चर्चमधून जो आवाज आला, तो घंटेचा नव्हताच. मसीह अंकलनी मनोऱ्यावर भोंगे बसवले होते. सहा वाजता त्यातून "टिंग-टाँग" झालं आणि पाठोपाठ एक बाई म्हणाली, "ब्लूटूथ कनेक्टेड!" मिस्सेला निघालेल्या आज्या दचकून परत घरात गेल्या होत्या.

"काल उतरवली," फादरमामांचा आवाज खोल गेला. "मसीह म्हणाले, तडा गेलाय. मी वर चढून बघायलाही गेलो नाही. टेम्पोत भरून आज सकाळी पानिपतला जाणार होती. तिथे ओतशाळेत वितळवतील तिला!" ते अर्धवट उठले आणि परत बसले. बाहेर चाळीस माणसं होती. "थांब. धुकं आहे. धुक्यात सगळे गाडीवाले फाट्यावरच्या ढाब्यावर थांबतात. धावा! पण हायवेवर चढायचं नाही, सर्व्हिस रोडनं जायचं. आणि सायकलची घंटी वाजवत राहायची. ऐकलंस?"

"हो! माझी माफी?"

"दिली, दिली! पळ!"

सायकली मिळाल्या त्या चर्चच्या सिस्टर्सच्या, म्हणजे नन्सच्या. दोन काळ्या आणि एक गुलाबी, पुढे टोपली असलेली. युवराजच्या वाट्याला गुलाबी आली.

"हे कुणाला सांगितलंत तर बघा!" तो म्हणाला.

"धुक्यात दिसतंय कुणाला?" नीरजा म्हणाली, आणि ते खरंच होतं. पुढच्या चाकापलीकडे सगळं पांढरं. ट्रिंग-ट्रिंग करत तिघं सर्व्हिस रोडच्या कडेकडेनं निघाली. नाकाचे शेंडे बधिर झाले. नचिकेत दर दोन मिनिटांनी चष्मा पुसत होता आणि दर वेळी वाट चुकत होता.

ढाब्यापाशी पोचल्यावर तिघांनी करकचून ब्रेक दाबले. धुक्यात एकामागे एक ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर उभे होते. सगळे ताडपत्रीखाली. सगळे सारखे!

"एकेकाची ताडपत्री उचलून बघू," युवराज म्हणाला.

"आणि मार खाऊ! चोर समजतील, यार."

"मग एकेकाला विचारू..." नीरजा बोलत होती तेवढ्यात धुक्यातून कुणीतरी ओरडलं, "खुल गया भई, खुल गया! चलो!"

धुकं विरळ व्हायला लागलं होतं. चहाचे ग्लास ठेवले गेले. एक इंजिन घरघरलं, मग दुसरं, मग दहा! रांग हलली. नीरजाला रडूच यायला लागलं. आता ही सगळी पानिपतच्या दिशेनं निघणार, आणि कुठली थांबवायची?

आणि मग, ढाब्याच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून एक गाडी धाडकन गेली आणि आवाज आला.

टण्णण्ण!

भरदार, लांब, गोड. तडा गेलेल्या घंटेचा असा आवाज येतच नाही!

"तीच!" नीरजा किंचाळली. "निळा टेम्पो! थांबवा!"

ओरडून काय उपयोग? इंजिनांच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना. युवराजनं गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, गाल फुगवले आणि फुंकली. फुर्रर्र! लांब, करकरीत, अगदी परेड मैदानावरची!

अख्खी रांग जागच्या जागी थांबली. धुक्यात शिट्टी वाजली म्हणजे पोलीसच असणार, असं प्रत्येक ड्रायव्हरला वाटलं. दोघांनी तर घाईघाईनं सीट बेल्टही लावले!

निळ्या टेम्पोचा ड्रायव्हर कागद हातात घेऊन खाली उतरला आणि समोर बघतो तर गुलाबी सायकलवर एक मुलगा.

"रै छोरे! सीटी तैने बजाई?"

"जी, अंकल. तुमच्या... मतलब, आपकी गाडी में हमारी घंटी है!"

ड्रायव्हरचं नाव सतबीर. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. "घंटी मसीहजी नै दी सै. कंबल उढा कै राख दी थी, रात भर ठंड मै. मेरा काम पोंचाना सै."

"तुम्ही तिला पांघरूण घातलंत?" नीरजानं न राहवून मराठीतच विचारलं.

सतबीरला मराठी कळली नाही, पण तिचा चेहरा कळला. तो जरा वरमला. "मै भी उसै इस्कूल का सूं, बेटी. आठवीं तक. इसी की आवाज पै भाग कै जाता था." त्यानं मान फिरवली. "पर हुकम तो हुकम सै. मसीहजी कह दें तो वापस ले चलूं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मसीह अंकल सरळ विचारलं तर कधीच हो म्हणणार नाहीत. नवे भोंगे त्यांचे लाडके होते.

"मला एक आयडिया आली," नचिकेत हळूच म्हणाला. "अंकलना त्यांचाच पुरावा देऊ." त्यानं नीरजाच्या कानात काहीतरी सांगितलं. तिचे डोळे चमकले. तिनं फोन स्पीकरवर टाकला. तोवर आजूबाजूचे ड्रायव्हर गंमत बघायला जमलेच होते.

"हॅलो, मसीह अंकल? मैं नीरजा. वो विठा के बारे में पूछना था. वो सचमुच अपने पैरिश की है?"

"सौ फ़ीसदी!" मागे दगडावर छिन्नी चालल्याचा आवाज येत होता. "पंद्रह अगस्त, अड़तालीस. लिखित सबूत है!"

"कोई शक तो नहीं?"

"बेटा, विल्सन मसीह ने खुद टाइप किया है! बिशप साहब के सामने भी यही कहूंगा. विठा इस पैरिश की बेटी है!"

"तो अंकल, अपने पैरिश की बेटी को कोई कबाड़ में बेच सकता है?"

"क्या बकवास है! किसकी हिम्मत हुई? कौन बेच रहा है?"

"आप, अंकल. एक मण, दो सेर. नीले टेंपो में."

छिन्नीचा आवाज थांबला. मग ड्रायव्हर लोकांमध्ये असा हशा पिकला, की ढाब्यावरचा आचारी झारा घेऊन बाहेर आला.

"मसीहजी," सतबीर फोनपाशी वाकून म्हणाला, "छोरी नै ले आऊं घर?"

"ले... ले आओ," फोन पुटपुटला.

अर्ध्या तासात निळा टेम्पो चर्चच्या आवारात शिरला. मागे तीन सायकली. पाप सांगायची रांग मोडून सगळे बाहेर धावले, आणि फादरमामा सर्वांत पुढे! सतबीरनं आणि दोघा माणसांनी घंटा उतरवून पायरीवर आडवी ठेवली. वरून ती कबुतरांच्या विष्ठेनं पांढरी झाली होती. युवराज पोटावर झोपून टॉर्चसकट आत शिरला.

"काही आहे?" नचिकेतनं विचारलं. "पुरावा?"

"जाळी आहे. कोळी आहे. अजून एक कोळी..." आतून घुमणारा आवाज आला. "अक्षरं! अक्षरं आहेत!"

नीरजानं स्वेटरची बाही ओली करून आतला काठ पुसला. घंटेच्या आत, खालून दोरी ओढणाऱ्याला कधीच दिसणार नाहीत अशा जागी, कोरलेली अक्षरं होती. तिनं ती मोठ्यानं वाचली.

"'विठाबाई मास्टरनी के नाम पर, जिन्होंने यह पाठशाला खोली. १९४८.'"

घाईघाईत आलेले मसीह अंकल फाटकातच उभे होते. त्यांनी जवळ येऊन स्वतः वाकून वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. मग ते एकदम वळले आणि ओरडले, "पत्थरवाला! वो तो लिख रहा होगा!" आणि हाताला लागलेली पहिली सायकल घेऊन सुटले. सहा फुटी मसीह अंकल गुलाबी सायकलवरून, टोपलीसकट, जीव खाऊन पायडल मारत गेले. युवराजला फार बरं वाटलं.

ते वेळेत पोचले. कारागिरानं 'संस्थापक' आणि त्यापुढची छोटी रेघ एवढंच कोरलं होतं.

इकडे नीरजा हौसाबाईंना हाताला धरून घेऊन आली. "मी नाही येणार," म्हणत म्हणत त्या आल्या, पण घंटा बघून पायरीवरच बसल्या. कुणी त्यांना वाचून दाखवायला गेलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मी मास्तरणीची लेक आहे. मला येतं वाचायला."

आणि त्यांनी वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर. वाचून झाल्यावर किती तरी वेळ बोट तिथंच होतं.

"गावातल्या बायांकडनं पितळेची भांडी मागून आणली होती आईनं, ही घंटा ओतायला," त्या म्हणाल्या. "आमची कळशीपण गेली. मी रडले होते कळशीसाठी. पण नावाचं आम्हाला कधीच कळलं नाही."

"कळणार कसं?" फादरमामा त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. "आशीर्वाद लॅटिनमध्ये झाला असेल आणि अक्षरं आतल्या बाजूला. मुद्दामच! हौसाबाई, तुमची आई ख्रिस्ती झाली नाही ना?"

"न्हाई. मी झाले पुढं, लग्नात. आई शेवटपर्यंत विठोबाचीच. रोज सकाळी त्याची पूजा, मग फादरच्या अंगणात शाळा. फादरनी कधी एका शब्दानं आग्रह केला नाही."

"म्हणूनच! आमच्या पुस्तकांत नाव चढतं ते बाप्तिस्मा झालेल्यांचं. तिचं नाव त्यांना तिथं लिहिता येत नव्हतं. पण ते राहून जावं हेही त्यांना पटेना. मग त्यांनी ते घंटेला दिलं आणि टांगलं सगळ्यांच्या वर!" फादरमामांचा आवाज जड झाला. "आणि आम्ही तिला बाप्तिस्म्याच्या यादीत शोधत बसलो. मीसुद्धा. माफ करा मला. काल तुमच्यावर लोक हसले आणि मी गप्प बसलो."

हौसाबाईंनी डोळे पुसले. मग हसल्या. "आईला कळलं असतं ना, तर तिनं फादरला झाडाखाली कोपऱ्यात उभं केलं असतं!"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पुढे चौरंगावर घासूनपुसून पिवळीधमक झालेली घंटा, झेंडूचा हार घातलेली. दाराशी नवा दगड : 'संस्थापक – विठाबाई मास्तरणी, १९४८. इमारत – फादर आन्सेल्म, १९५१.' हौसाबाई पहिल्या बाकावर, नव्या शालीत, ताठ बसल्या होत्या.

बिशपनी तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. "आम्ही मोठी माणसं पुस्तकं जपून कपाटात ठेवतो," ते म्हणाले, "आणि ती वाचायला मात्र विसरतो. तुम्ही वाचलीत, नीट वाचलीत, आणि ज्या आजींवर आम्ही विश्वास ठेवला नाही, त्यांच्यावर ठेवलात. शाब्बास!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नचिकेतचे कान लाल झाले. युवराजनं कडक सॅल्यूट ठोकला. फादरमामांनी नीरजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायलाच विसरले.

मग मसीह अंकल माईकपाशी आले. हातात यादी होती, पण त्यांनी ती वाचली नाही. घडी करून खिशात ठेवली.

"मुझे कुछ कहना है," त्यांनी घसा खाकरला. "हौसा दीदी सच कह रही थीं. ग़लती मेरी थी. मुझे माफ़ कर दीजिए."

चर्चमध्ये सगळे गंभीर झाले. आता हौसाबाई काय म्हणतात? त्या काठी टेकत उठल्या. मसीह अंकलकडे बघितलं, मग मागे वळून शेवटच्या बाकापर्यंत गच्च बसलेल्या अख्ख्या गावाकडे.

"विल्सन," त्या म्हणाल्या, "पीछे वालों को सुनाई नहीं दिया. ज़रा ज़ोर से बोल!"

विल्सन मसीह, वय वर्षे अठ्ठावन्न, समितीचे सेक्रेटरी, त्यांनी शहाण्या मुलासारखे हात बांधले, मोठा श्वास घेतला आणि माईकची गरजच पडणार नाही अशा आवाजात ते ओरडले, "हौसा दीदी सच कह रही थीं!"

"हां," हौसाबाई म्हणाल्या. "अब ठीक है." आणि त्या खाली बसल्या.